सुगेंगने उतरवलेली चेन

प्रिय वेनिंग,

तू सुराबायाला मजेत असशील. मी नाही. माझी गाडी सुगेंगच्या गॅरेजात पोट फाडून पडली आहे आणि माझे बटाटे दुसऱ्याच्या टेंपोतून बाजारात जातात.

इंजिन पुढून खडखडायला लागलं म्हणून नेली. सुगेंग म्हणाला, "आजी, टायमिंग चेन गेली, उतरवावी लागेल." मी समोरच स्टूल टाकून बसले. त्याने रेडिएटर काढला, पुलीच्या नटाला शिव्या हासडल्या, पुढचं झाकण उघडलं. दोन्ही दातेरी चाकांच्या खुणा जुळवून पांढरे ठिपके दिले आणि चाकं नि चेन एकदमच ओढून काढली. काम चोख. मग म्हणे, नवी चेन सेमारांगहून येईल. ती येतेच आहे. कधी रस्ता खचतो, कधी दुकानदाराची सासू मरते. त्या बाईला त्याने दोनदा मारून टाकलं.

मला वाटलं, मेल्याने माझी चेन विकून खाल्ली. तो नमाजाला गेला तशी मी फळीवरचे डबे धुंडाळले. चेन तिथेच होती, तेलात बुडवलेली, चाकं फडक्यात नीट गुंडाळलेली. तुझे आजोबा ट्रक चालवायचे. झिजलेली चेन आडवी धरली की मान टाकते, हे त्यांच्याकडूनच कळलेलं. मी धरली. ताठ! चाकांचे दातही शाबूत. चेनला ताण देणारी पट्टी तेवढी झिजलेली, आणि ती तर इथल्या बाजारात मिळते. चोर कधी चोरलेल्या मालाला इतकं जपतो का? तेवढ्यात सुगेंग परतला. माझ्या हातात चेन बघून चेहरा पडला त्याचा. म्हणाला, "घाई कशाला, आजी? उजव्या डोळ्याने धुक्यात दिसत नाही म्हणे तुम्हाला."

वेनिंग, त्या डोळ्याचं मी गावात कुणाला बोललेले नाही. ईदच्या सुट्टीत डॉक्टरकडे तूच नेलं होतंस. चेन उतरवली त्याने, अडवून ठेवलीस तू. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं की धुकं दुपारी उतरतं आणि मी त्याआधी घरी असते. आता सुगेंगला फोन कर, गाडी जोडू दे. रविवारी ये आणि माझ्या शेजारी बस. बाजारापर्यंत जाऊन येऊ. वाटेत एकदा जरी तुझा जीव खालीवर झाला, तर किल्ली मीच तुझ्या हातात देईन. पण इंजिनाआडून नको, तोंडावर माग.

अजून स्टिअरिंग न सोडलेली,
तुझीच आजी,
न्गातिनी