धाकट्याने उचललेला वाटा

मी, जोतीराम हरिबा बर्गे, वय अठ्ठेचाळीस, फौजेतून निवृत्त, हल्ली गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, आज सांगलीस विश्रामबागेत प्रा. बाळासो वाघमारे यांच्या घरी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. प्रकृतीही चांगली आहे. नसती तर डॉक्टरांनी मला पत्करलेच नसते. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे. माझा धाकटा सख्खा भाऊ धोंडिराम याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून तो वेल्लोरला दवाखान्यात आहे. यंत्रावर त्याचे रक्त धुतात. माझे एक मूत्रपिंड काढून त्याला बसवायचे ठरले आहे. उद्या मी मिरजेहून गाडीने निघतो. देणारा मनुष्य बहुधा सुखरूप परत येतो, असे डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुधा'साठी हा कागद.

कलम १. घर. वाटणीत मला आलेला घराचा पूर्वेकडचा भाग माझी पत्नी मनुबाई हिला द्यावा. आम्हास मूलबाळ नाही. अंगणात मध्ये जी भिंत घातली आहे ती पाडायची की ठेवायची, हे मनुबाई आणि धोंडिरामाची पत्नी चंद्राबाई यांनी ठरवावे. त्या दोघी चार वर्षे त्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या देत-घेत आल्या आहेत, आणि आम्हा भावांना ते ठाऊक नाही असे समजतात.

कलम २. जमीन आणि विहीर. येथे थोडे मागचे सांगणे भाग आहे. आमच्यात वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. म्हणजे थोरला वाटे करताना हात आखडत नाही. मी दोन वाटे केले. एकात जमीन जास्त, दुसऱ्यात जमीन कमी पण विहीर. धोंडिरामाने जमीन उचलली. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याचे रान करपले आणि माझ्या विहिरीला मात्र पाणी राहिले. पाऊस पडणार नाही हे मला आधीच कळले होते, असे त्याच्या मनाने घेतले. मी पाणी देऊ केले, तर म्हणाला, "तुमच्या वाट्याचं पाणी माझ्या पिकाला नगं." त्यानंतर भिंत झाली.

ही जमीन मनुबाईने हयातभर खावी आणि तिच्यामागे ती धोंडिरामाच्या दोन्ही मुलींना सारखी द्यावी. विहिरीवर मात्र आजपासून दोन्ही घरांची पाळी राहील. मी जिवंत परत आलो तरी हे कलम लागू आहे.

कलम ३. माझे एक मूत्रपिंड. वकिलांच्या मते शरीराचा भाग मृत्युपत्रात लिहिता येत नाही. तरी मी लिहितो, कारण ते धोंडिरामाने कसे घेतले हे कागदावर असावे. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याचा आजार सांगितल्यावर मी भिंतीला वळसा घालून त्याच्या दारात गेलो. तोंड सुजलेले, आमच्या भिंतीकडे पाठ करून तो निजला होता.

"कशाला आलायसा?"

"तुला बघाय."

"बघितलं न्हवं? जावा आता."

मी सांगितले, माझी एक किडनी घे.

"तुमच्या हिरीचं पाणी घेतलं न्हाई, आन मूत गाळायचं यंत्र घिऊ व्हय?"

चुलीपाशी बसलेली चंद्राबाई म्हणाली, "आवं, घ्या की! मरताना तरी ताठा सोडा."

तेव्हा मी म्हणालो, "हे बघ धोंड्या, हे वाटं मी केल्यालं न्हाईत. देवानं केल्यात. दोन, सारखं. थोरल्यानं म्होरं मांडायचं, धाकट्यानं उचलायचं. उचल."

तो कोपरावर जोर देऊन उठून बसला. मग म्हणाला, "ह्यात हीर कुठल्या वाट्यात हाय?" आणि हसला. हसता हसता त्याला धाप लागली. चंद्राबाईने पाठ चोळली तरी थांबेना. तशातच त्याने विचारले, "डावी का उजवी, दादा?"

"त्ये डाक्टर ठरवत्यात."

"मंग माझं उचलणं कुठं ऱ्हायलं? ह्यात बी फशिवलंसाच की!"

चार वर्षांनी मी त्याच्या तोंडून 'दादा' ऐकले.

कलम ४. ग्रंथ. माझ्याजवळ शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा एक इंग्रजी ग्रंथ आहे. पुठ्ठा नाही, काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. सांगलीच्या रद्दीच्या दुकानातून आणला. हा नाद मला कसा लागला हे मनुबाईने पुष्कळदा विचारले आणि मी नीट सांगितले नाही. फौजेत मी खेचरांकडे होतो. आमच्यातल्या एका जवानाला धनुर्वातासाठी घोड्याच्या रक्तापासून केलेले औषध टोचले होते. काही वर्षांनी तेच पुन्हा टोचले, तर अंगावर गांधी उठल्या, सांधे धरले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "इसके बदन को पहली सुई याद है." मी तेव्हा बाजूला पाण्याची बादली घेऊन उभा होतो. मनाला विसर पडतो आणि अंगाला आठवते, ते कसे? पुढे गावोगाव गुरांना लस टोचताना तोच प्रश्न माझ्याबरोबर सायकलवर असे.

माझी शाळा मराठी सातवीपर्यंत. इंग्रजी फौजेत शिकलो, ते हुकूम आणि औषधांच्या चिठ्ठ्या वाचण्यापुरते. कोशात शब्द सापडे, अर्थ सापडत नसे. म्हणून ग्रंथ पिशवीत घालून मी विश्रामबागेत कॉलेजात आलो. प्रा. वाघमारे यांचे वडील आमच्याच गावचे. ते म्हणाले, "माझा विषय वनस्पती. यातलं मला अर्धंच कळेल. आपण दोघं मिळून वाचू." त्यानंतर जमेल त्या रविवारी मी येत गेलो. रविवारी माझा जोतिबाचा उपवास असतो, म्हणून त्यांच्या पत्नी गूळ-शेंगदाणे पुढे ठेवून निमूट आत जात. आम्ही एका परिच्छेदावर दुपार घालवत असू. कधी कळे, कधी दोघांनाही कळत नसे.

एकदा सरांनी मला वर्गात मागच्या बाकावर बसवले. शेजारच्या मुलाने हळूच विचारले, "काका, तुमी कुणाचे पालक?"

मी म्हणालो, "माझाच."

त्या बाकावर आणखी एकदा, पुष्कळ वेळ बसावे ही इच्छा अजून गेलेली नाही. ती कोणाच्या नावे करून देता येत नाही.

त्या ग्रंथात छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीविषयी लिहिले आहे. तिला थायमस म्हणतात. ती लहानपणी मोठी असते आणि वय वाढेल तशी आटत जाते. रक्तातल्या काही पेशी तेथे तयार होतात. आपले कोण आणि परके कोण, ही ओळख त्यांना तेथेच होत असावी असा विद्वानांचा अंदाज आहे. हे कळले त्या दिवशी मी ग्रंथ मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. सगळ्यांच्याच अंगातली ही शाळा वयाबरोबर आटते, तर माझ्या एकट्याच्या शाळेची काय तक्रार करायची? असे मनाला सांगितले. मनाने ऐकले नाही.

साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, म्हणून ग्रंथ सरांना देता येत नाही. तो रहिमतपूरच्या वाचनालयास द्यावा. कपाटात कुलूप लावून ठेवू नये. कोणीही मागितला, अगदी चौथी नापास माणसाने मागितला, तरी "हे तुझ्या कामाचं नाही" असे त्याला म्हणू नये. शेवटची दोन प्रकरणे माझी वाचायची राहिली आहेत.

कलम ५. काचेच्या पिचकाऱ्या, सुया आणि त्या उकळायचे पितळी भांडे माझ्या स्वतःच्या मालकीचे आहे. ते दवाखान्यास द्यावे. सायकल मनुबाईने विकावी. माझी काळी छत्री चुलतभाऊ हिंदुराव यांच्याकडे आहे, ती त्यांनी मनुबाईस परत करावी. हिंदुराव मला मिरजेपर्यंत पोचवायला आले आहेत आणि आत्ता शेजारीच बसून हे वाचत आहेत. ते म्हणतात, "आरं जोत्या, मेल्यावर बी छत्रीच का?" मी म्हणालो, "जित्तेपणी मागून थकलो न्हवं." प्रा. वाघमारे यांच्या घरी ते प्रथमच आले. चहाची कपबशी पुढे आली तेव्हा जरा थांबले, मग प्याले. ही गोष्ट मी छत्रीच्या खात्यावर जमा धरतो. साक्षीदार म्हणून सरांचे नाव पाहून भावकीतल्या आणखी कोणी नाक मुरडले, तर हिंदुरावांनी त्याला समजावावे.

कलम ६. धोंडिरामाविषयी सर्वांस सूचना. माझ्या आणि त्याच्या पेशी तपासल्या आहेत. प्रत्येक लेकराला आईकडून एक वाटा मिळतो, बापाकडून एक. कोणाच्या हाती कोणता पडेल ते सांगता येत नाही. भावंडांत कधी पूर्ण जुळते, कधी मुळीच जुळत नाही, कधी अर्धे जुळते. आमचे अर्धे जुळले. म्हणजे त्याचे शरीर मला अर्धे आपले आणि अर्धे परके धरणार. ते शांत राहावे म्हणून त्याला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील. आपल्याकडे माणूस उठून बसला की गोळ्या उकिरड्यावर जातात आणि वैदूची पावडर सुरू होते. तसे करू नये. टपाल कार्यालयातील माझ्या बचतीतून प्रथम या गोळ्या आणाव्यात. उरेल ते मनुबाईचे. तिची याला संमती आहे. ती म्हणाली, "माझं काय, मी भाकरीवर राहीन. भावजींचं बघा."

इतके करूनही त्याच्या शरीराने माझा वाटा नाकारला, तर तो धोंडिरामाचा नकार आहे असे कोणीही समजू नये, आणि भावकीत पिढ्यानपिढ्या तसे बोलू नये. पेशींना घराणे कळत नाही. त्याने एकदा हो म्हटले आहे.

कलम ७. माझे क्रियाकर्म. वेल्लोरला माझे बरेवाईट झाले किंवा पुढे केव्हाही मी वारलो, तरी अग्नी मनुबाईने द्यावा. रीतीप्रमाणे हा मान धोंडिरामाचा आहे. पण त्या गोळ्यांनी त्याच्या अंगातले राखणदार निजवलेले असतील. स्मशानातली गर्दी, धूर, कोणाचा तरी खोकला, माहुलीच्या घाटावर ओलेत्याने उभे राहणे, यातले काहीही त्याला पुरे होईल. म्हणून त्याने माझ्या प्रेताला येऊ नये. तो ऐकणार नाही. चंद्राबाईने दाराला बाहेरून कडी घालावी, आणि तो शिव्या देईल त्या मला पोचतील असे त्याला सांगावे.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्यात एकेक जण पुढे होऊन मेलेल्याला वचन देतो. माझ्या वेळीही कोणीतरी म्हणेल, "धोंडिरामाला बोलवा, त्येच्यातच जीव अडकलाय." ते खरे असेल. तरी त्याला बोलावू नये. दुपार कलली की दर्भाचा कावळा करून शिववावा, आंघोळी कराव्यात आणि घरी जेवायला जावे. माझी इच्छा राहिली असे लोक म्हणतील. ती राहू द्यावी, आणि धोंडिरामाला घरी राहू द्यावे.

वरील मजकूर मी लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

स्थळ: विश्रामबाग, सांगली
दिनांक: ११ जानेवारी १९७६, रविवार

(सही) जोतीराम हरिबा बर्गे

साक्षीदार:
१. (सही) प्रा. बाळासो वाघमारे, राहणार विश्रामबाग, सांगली
२. (सही) हिंदुराव बर्गे, राहणार रहिमतपूर