अक्काच्या उताराचा कागद

नाना, आज ऑफिसात एका गिऱ्हाइकाशी माझी चांगलीच जुंपली. चाळीसगावकडचे एक भाऊ गावात नवं घर बांधतायत. जोतं उंच आहे आणि त्यांची आई, अक्का, चाकाच्या खुर्चीत. म्हणून पायऱ्यांशेजारी मी लांब, निवांत उतार काढलाय. उद्या त्याची आखणी. भाऊंना नकाशा खिशात मावेल एवढ्या कागदावर हवा होता, तेव्हा माझ्या सहकाऱ्याने प्रिंट देताना 'कागदात बसेल तसं' यावर टिचकी मारली. मोठ्या कागदासाठी बसवलेला नकाशा छोट्यावर आखडला, आणि खाली प्रमाण मात्र एकास पन्नासच छापून आलं. मी पट्टी लावून पाहिली आणि कागद सरळ फाडला.

भाऊ उखडलेच. "आकडा लिखेल शे ना ताई! कागद कोन मोजस?" मी तिथूनच त्यांच्या मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा खरं ते बोलला, "मी तर कागदवर टेपच लावस. आकडा वाचाले चष्मा कोठे शे?" आपल्याकडे हे असंच चालतं, तुम्हाला मी काय सांगणार! त्या आखडलेल्या कागदावरून त्याने जमिनीवर आखणीचा चुना टाकला असता तर उतार आखूड, म्हणजे खडा झाला असता, आणि अक्काची खुर्ची कधीतरी धरणाऱ्याच्या हातातून सुटली असती.

धुळ्याला तुमचा ड्रॉइंग बोर्ड स्वयंपाकघरात असायचा, कारण उजेड तिथेच. आई भाकरी थापतेय, तुम्ही ट्रेसिंगवर शाईची रेघ ओढताय, आणि पीठ उडालं की दोघं एकमेकांवर करवादताय. कॉलेजात मी पहिला नकाशा काढला, कागद पुरेना म्हणून मागचं अंगण जरा दाबून बसवलं. तुम्ही नकाशा बघितलाच नाही, आधी पट्टी ठेवली. "कागद आपला शे, पोरी. जागा त्यासनी शे." एवढं बोलून जेवायला बसलात. काय राग आला होता मला तुमचा!

तर आज मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. गावची बस गेली तर जाऊ द्या, असं भाऊंना तोंडावर सांगितलं. घर मोठ्या कागदावर ठेवलं, छोट्यावर फक्त उतार घेतला. ज्या चौकटीतून नकाशा कागदावर उतरतो, त्या व्ह्यूपोर्टला एकास पन्नास दिलं, माउसचं चाक फिरून ते हलू नये म्हणून लॉक केलं, आणि प्रिंट लहानमोठी न करता काढली. पट्टी लावली, बरोबर आलं. भाऊंनी घडी करून कागद खिशात टाकला, तोंड वाकडंच होतं. असू दे. उद्या चुना पडताना मी स्वतः तिथे उभी राहणार आहे. मिस्त्रीने उतार जरा जरी आखूड धरला तरी पुसून पुन्हा आखायला लावीन, मग पुढची कामं मिळोत न मिळोत.

अर्धांगानंतर तुम्हाला आम्ही खुर्चीसकट पायऱ्यांवरून खाली आणायचो. घर भाड्याचं, मालकाने दारात उतार काही करू दिला नाही. शेजारचे बघायचे आणि तुम्ही रस्ता येईपर्यंत डोळे मिटून घ्यायचात. मला ते बघवायचं नाही, नाना.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? पण भाऊंना जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. घर त्यांच्या अक्काचं आहे, तरी तो उतार काढताना माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत तुम्हीच होतात.