डोंगरावरचे तीन धूर

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे, पण आपलं दोघांचं कधी धड पटलं का? मुलुंडच्या त्या दीड खोलीत आपली सारखी जुंपायची, आणि बहुतेक वेळा आगीवरून. मिलमध्ये तुम्ही आग विझवणाऱ्या तुकडीत होतात, कापसाला ठिणगी लागली की काय होतं ते डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे घरात कुणी पेटत्या स्टोव्हकडे पाठ केली तरी तुमचा आवाज चढायचा. एकदा मी स्टोव्ह चालू ठेवून नळावर गेले, तर परत आल्यावर अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं झापलंत. कॉलेजात जाणारी मुलगी मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यानंतर किती दिवस मी तुम्हाला चहासुद्धा न बोलता आणून द्यायची.

मिल बंद पडली आणि तुम्हाला घर खायला उठू लागलं. मग रविवारी आपण दोघं मागच्या डोंगरात जायचो. त्या मे महिन्यात करवंदं काढायला गेलो आणि नाल्याच्या कडेचा दगड तुमच्या पायाखालून निसटला. खाली पडलात ते मांडीचं हाड मोडूनच. मी धावत उतरले, तर माझाही पाय असा मुरगळला की टेकवता येईना. हाका मारून मारून घसा बसला. तुमची मांडी डोळ्यांदेखत सुजत चाललेली, चेहरा पांढराफटक. लवकर हॉस्पिटलात नेलं नाही तर तुम्ही जाणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. नाल्याच्या काठावरून खाली आपली चाळसुद्धा दिसतेय, आणि मी रांगतेय.

"धूर कर," तुम्ही म्हणालात. "तीन जाळ, एका रांगेत. तीन धूर दिसले की लोकांका कळता, कोणतरी अडकलाहा." मी तशीच तुमच्या खिशातली काडेपेटी घेऊन सुक्या गवताला काडी लावायला निघाले, तर त्या अवस्थेतही माझ्यावर खेकसलात. "आधी गवत उपट. वारो खयसून येता ता बघ. डोंगर पेटलो तर खालचो पाडो जळतलो." मग मी रांगत रांगत काठावरचं गवत उपटते, लाल माती दिसेपर्यंत जमीन खरवडते, दगडांचं कडं रचते, विझवायला बाजूला मातीचा ढीग करून ठेवते. आधी बारीक काटक्यांचा जाळ, निखारे झाले की वर कुड्याचा ओला पाला, तोही थोडा थोडा, नाहीतर जाळच गुदमरायचा. दाट पांढरा धूर सरळ वर गेला. मग दुसरा, मग तिसरा. तुम्ही नाल्यातून वर बघत म्हणालात, "झकास." माझ्या कामाला तुम्ही पहिल्यांदा चांगलं म्हणालात बाबा, आणि मला तेव्हा त्याचं काही सुख नव्हतं.

कुणी आलं नाही. बाटलीतलं पाणी संपलं. पाला घालून घालून माझे हात सोलवटले. मी तुमच्यावर ओरडले, "पेटवू द्या ना सगळा डोंगर, बंब तरी येईल." तुम्ही नुसती मान हलवत राहिलात. उन्हं कलल्यावर पाड्यातल्या बायका लाकडाचे भारे घेऊन नाल्यातून आल्या. त्यातली एक कपाळावर हात मारून म्हणाली, "धूर तर दुपारपासून दिसतोय. आम्हाला वाटलं, चोरून दारू गाळणारे, हातभट्टीवाले. जवळ गेलं की त्यांची माणसं मारतात, म्हणून जाताना लांबून वळसा घेतला." त्यांनी लुगड्याची झोळी करून तुम्हाला उचललं. झोळीतून तुम्ही एवढंच विचारलंत, "विझयलंस मा?" विझवलं होतं बाबा. माती लोटून, वर हात ठेवून बघितलं होतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

डोंगर पेटवला असता तर तुम्ही वाचला असतात, हे मी हजारदा मनात म्हटलंय. मग त्या बायका आठवतात, तुम्हाला खांद्यावरून उतरवून आणणाऱ्या. जळला असता तो त्यांचाच पाडा. भांडू तरी कुणाशी?

हॉस्पिटलच्या बाकावर आई बडबडत होती. "दुपारी गॅलरीत पापड घालताना धूर दिसलो गो डोंगरावर. तीन-तीन. म्हटलं, मेले भट्टीवाले." त्यानंतर मी तिला आगीचं काही सांगितलंच नाही. आता ती फार थकलीय. परवा भाजी निवडता निवडता मधेच म्हणाली, "ह्यांच्या खिशात काडेपेटी असायचीच. मग तुम्ही धूर का नाय केलात गो?"

"काड्या संपल्या होत्या," मी म्हटलं.

"तरी मी सांगायची, विड्या कमी करा," असं म्हणून ती तुमच्यावर रागावली, आणि संध्याकाळपर्यंत रागावलेलीच होती. तुमच्यावर ढकललं मी, बाबा. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकते.