रुमालातली माती

पेनसिल्व्हेनिया, फेब्रुवारी १९०९

प्रिय आई,

आधी येशूचं नाव, मग माझा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. बाहेर बर्फ असला तरी खाणीत ऊब असते. खानावळवाली पेलागियाबाई कोबीचं सूप करते, पण तुझ्यासारखं आंबट होत नाही. गाय व्याली का?

शेजारच्या गावचा व्हालेंटी गेला. खाणीचं छत कोसळलं. मी दुसऱ्या बोगद्यात होतो. शवपेटीत घालायला त्याच्याजवळ गावची माती नव्हती. पेलागियाबाई म्हणाली, "पोराला परक्या मुलखात असंच पुरायचं होय रे?" निघताना तू रुमालात बांधून दिलेली माती मी माझ्यासाठी जपली होती. ती त्याला दिली.

इकडे कुणी येणार असेल, तर पुन्हा थोडी बांधून दे. घाई नाही.

तुझा,
इग्नात्सी