थोरल्या घरची सायकल

माय, तुझी सायकल सापडली. हे ऐकून घेईल असं तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि सांगितल्याशिवाय माझ्या तोंडाची कडू चव जाईना, म्हणून लिहायला बसले आहे.

तुला माहीत नाही, पण मी जुन्या सायकली दुरुस्त करते. पोटाला जालन्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, हा नुसता छंद. सुटीच्या दिवशी ओसरीत पोतं अंथरून बसते, कुणाच्या तरी आजोबांची गंजलेली सायकल सुटी करते, नटबोल्ट डिझेलात भिजत घालते, रिम घासते, आरे एकेक करून ताणते. चाक सरळ फिरायला लागलं की जिवाला बरं वाटतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरी, शिकून सवरून हात काळेच करून राह्यली का. पण तुझेही हात कधी कोरडे मी पाहिले नाहीत.

सायकलींचा कंटाळा मला कधी आला नाही. छंदवाल्या माणसांचा मात्र आता वीट आलाय. फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे. चांगला रंग खरवडून, मिठाचं पाणी मारून खोटा गंज चढवायचा आणि त्याला 'अँटिक लूक' म्हणायचं. शहागडच्या हायवेवर एका ढाब्याने तर धडधाकट सायकल खिळे ठोकून भिंतीवर टांगली आहे, चेन काढलेली, हँडलच्या टोपलीत प्लॅस्टिकची फुलं. तिच्याखाली माणसं मटण खातात आणि बोटं चाटत फोटो काढतात. मोटारवाले त्याहून वरचढ. जुन्या मोटारी वर्षभर ताडपत्रीखाली झाकलेल्या, मेळाव्याच्या दिवशी ट्रकवर घालून आणायच्या, मैदानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवायच्या आणि फेटा बांधून तेवढंच अंतर चालवत मिरवत यायचं. लोक टाळ्या वाजवतात. त्या मोटारींच्या इंजिनात कधी हात घातलाय का, असं विचारलं तर हसतात.

त्यातलाच एक माणूस दिवाळीनंतर माझ्याकडे आला. बियाण्यांचा मोठा धंदा, शहराबाहेर फार्महाऊस, तिथं मोटारी ठेवायला वेगळी शेड. गाव विचारलं तर परतूरकडचं, तू जिथं नर्स होतीस त्या सबसेंटरचंच निघालं, आणि घर कोणतं ते त्यानं सांगण्याआधीच मला कळलं होतं. थोरलं घर. त्यानं जीपमधून एक लेडीज सायकल उतरवली. वरून निळा ऑइलपेंट फासलेला, टायरच्या जागी नुसत्या गंजक्या रिमा. म्हणाला, "मॅडम, आमच्या आजीची आहे. जुन्या गोठ्यात पडून होती. त्या काळात सायकल चालवणारी बाई म्हणजे बघा तुम्ही." प्रजासत्ताक दिनाच्या मेळाव्यात ती त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवायची होती. मी ठेवून घेतली. तेव्हा मला काही ओळखू आलं नाही. निळ्या रंगानं सगळं बुजवलं होतं.

रंग निघत गेला तशी एकेक खूण दिसायला लागली. आधी कॅरियर. नेहमीपेक्षा रुंद, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या ठोकलेला, कारण एकीकडे तुझी बाळंतपणाची पेटी आणि उरलेल्या जागेत मी बसायचे. मग पुढे दिव्याची पट्टी. मोडलेली आणि पितळेची झाळ लावून सांधलेली. गावच्या लोहाराचं जाडंभरडं काम, पितळ ओघळून तसंच थिजलेलं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि पोत्यावरच बसून राहिले. ती पट्टी कशी मोडली ते मला ठाऊक होतं, माय. मी तिथंच होते.

कापूस वेचणीचे दिवस आहेत. बाबा जिनिंगमध्ये कामाला, घरी मला ठेवायला कुणी नाही. थोरल्या घरून सांगावा आला आहे, धाकट्या सुनेला कळा लागल्यात, मूल आडलंय. तू मला कॅरियरवर टाकतेस आणि ढेकळांच्या वाटेनं सायकल दामटतेस. दाराशी पोचतो तर थोरली माय, म्हणजे या माणसाची आजी, ओट्यावर उभी. ती म्हणते, सायकल आत आणायची न्हाई, उकिरड्याकडं लाव. तू लावतेस आणि पेटी घेऊन मागच्या दारानं आत जातेस. मी बाहेर. जरा वेळानं थोरल्या मायला वाटतं सायकल अजून गोठ्याच्या जवळच आहे. ती गड्याला हाक मारते. गडी हात लावत नाही, काठीनं ढकलतो. सायकल दगडावर आपटते आणि दिवा लोंबायला लागतो. आपण बौद्ध झालो त्याला तेव्हाही बरीच वर्षं झाली होती, पण थोरल्या घराच्या लेखी आपलं काही बदललेलं नव्हतं.

मूल पायाळू होतं. तू कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन बाहेर आलीस तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं आणि तुझ्या तोंडावर हसू होतं. मग चहा आला. गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला कप होता, त्यात वरून ओतला. तू प्यायलीस, स्वतः विसळलास आणि परत कोनाड्यात ठेवलास. मी मोठ्यानं विचारलं, आपल्यालाच फुटका कप का? तू माझा दंड धरून दाबलास. "गप बस. बाळंतीण ऐकून राह्यली. तिला आज तरास न्हाई द्यायचा." तू पेटी कॅरियरला बांधत होतीस तेवढ्यात आतून शेणाचा वास आला. तू जिथं बसली होतीस ती जागा सारवून काढत होते. तुझ्यादेखत. तेवढा धीरही त्यांना निघाला नाही.

तो वास अजून माझ्या नाकात आहे. शेणाचा वास वाईट नसतो, सगळ्या गावाला असतो, पण त्या दिवशी मला मळमळलं आणि वाटेत मी ओकले. त्याच्यानंतरही तू त्या घरी जात राहिलीस, याचा मला फार राग यायचा. कॉलेजात असताना एकदा तुला तोंडावर बोललेही. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कळा आलेल्या बाईला घर कोणतं म्हणून विचारत बसू का?" पुढे गुडघे गेल्यावर तू सायकल सबसेंटरमध्ये नव्या नर्सबाईसाठी ठेवून आलीस. सबसेंटर नव्या इमारतीत गेलं, जुनी खोली थोरल्या घराच्या जागेत होती, तिच्यातलं सगळं त्यांच्या गोठ्यात गेलं. आणि आता तेच तुझी सायकल त्या ओट्यावरच्या बाईच्या नावावर करायला निघाले होते.

मी त्याला बोलावून घेतलं. ओसरीतच बसवलं आणि सांगितलं की ही तुमच्या आजीची नाही, माझ्या आईची आहे. तो हसला. वाईट हसला नाही, समजूत काढल्यासारखा हसला. "मॅडम, इतकी जुनी गोष्ट. तवा कोण पाहायला गेल्तं?"

"मी गेल्ते," मी म्हणाले. "ह्याच कॅरियरवर बसून. तुम्ही जन्मलात त्या दिवशी."

मग मी पट्टी दाखवली आणि ती कशी मोडली तेही सांगितलं. त्यानं वाकून झाळ निरखून पाहिली. शेवटी म्हणाला, मला हे बिलकुल माहीत नव्हतं, बोर्डावर आजीचं नाव टाकत नाही, तुम्ही फक्त काम पुरं करा. मी विश्वास ठेवला. सायकल पूर्वी होती तशी काळी केली, पट्टीवरची झाळ घासून चकाकवली नाही, झाकलीही नाही.

मेळाव्याला गेले तर सायकल सगळ्यांच्या पुढे, झेंडूची माळ घातलेली. शेजारी आजीचा फोटो आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, परतूर भागातली पहिली सायकलस्वार महिला. तो समोरून आला, नमस्कार केला, म्हणाला, "फ्लेक्स आधीच छापून आल्ता मॅडम, काय करता." नंतर त्यानं मला जुन्या सायकलींच्या दुरुस्तीवर दोन शब्द बोलायला बोलावलं. मी दुरुस्तीवर बोललेच नाही. सायकल कुणाची, कॅरियर रुंद का, पट्टी कुणाच्या काठीनं मोडली, कप कुठं असायचा, सारवलं कधी, सगळं सांगितलं. मला वाटलं माईक बंद करतील, कुणीतरी उठून भांडेल. त्या भांडणाची मी तयारी करून गेले होते.

कुणी भांडलं नाही. पहिल्या रांगेत त्याची म्हातारी आई बसली होती, त्या दिवशीची बाळंतीण. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "खरं हाये. पाय आधी आल्ते ह्याचे. सिस्टरनंच वाचवला." लोक खुशीत हसले. तो धावत स्टेजवर आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. मोबाइल वर झाले. टाळ्या थांबेनात. माय, मला वाटलं पायाला काहीतरी चिकट लागलंय. मी पाय मागे घेतले, तर तेही लोकांना माझा विनय वाटला. मग सायकलीपाशी फोटोला रांग लागली. फेटेवाले त्या मोडक्या पट्टीवर बोट ठेवून हसत उभे राहत होते.

काही दिवसांनी त्यानं हुरड्याला बोलावलं. मी नाही म्हणणार होते, पण बोर्ड बदललाय, येऊन पाहाच, असं तो म्हणाला, आणि मला पाहायचं होतं. फार्महाऊसच्या दिवाणखान्यात सायकल काचेत उभी केली आहे. नव्या बोर्डावर आजीचा फोटो तसाच आहे. शेजारी लिहिलंय की, आजीनं त्या काळी जातपात न मानता गावच्या बौद्ध सिस्टरला ही सायकल भेट दिली, आणि सिस्टरनं घरोघरी जाऊन सेवा केली. बोर्डावर तुझा फोटो नाही. तुझं नावसुद्धा नाही, नुसतं सिस्टर. जी सायकल तू पगारातून साठवून घेतलीस, जिला थोरल्या मायनं काठीनं ढकलायला लावलं, ती आता तिनंच तुला दिलेली. मी खरं बोलले नसते तर निदान ही खोटी गोष्ट तरी जन्माला आली नसती. मी तोंड उघडलं आणि त्यांना आधीपेक्षा चांगली गोष्ट मिळाली.

तो मला आग्रहानं सगळ्यांच्या मधोमध बसवत होता, आमच्यात आधीपासून असलं काही नव्हतंच, असं पाहुण्यांना सांगत होता, स्वतःच्या हातानं माझ्या ताटात गूळ वाढत होता. मी म्हणाले, बोर्ड खोटा आहे. तो म्हणाला, "मॅडम, चांगलंच तर लिहिलंय. आता अजून काय पाहिजे?" त्याला खरंच कळत नव्हतं. हुरड्याचा कोवळा, गोड वास सगळीकडे होता, आणि माझ्या घशाखाली एक दाणा उतरला नाही.

निघताना म्हातारीनं मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं आता हीसुद्धा काही गोड बोलेल. ती म्हणाली, "बाई, कप कोनाड्यात मीच ठेवायची, सासू मेल्यावर बी. कुणी सांगितलं म्हणून न्हाई. मला बी तसंच वाटायचं." आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या सगळ्या महिन्यांत मला ज्याची किळस आली नाही असं ते एकच बोलणं. तिच्या मुलाला मी ते सांगितलं नाही. त्यानं त्याचाही बोर्ड केला असता.

सायकल मी परत मागितली नाही. मागितली असती तर त्यानं समारंभ करून दिली असती, हार घालून, आणि ते मला झेपलं नसतं. मेळाव्याच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. ओसरीत आता एकच काम पडून आहे, शेजारच्या पोस्टमनकाकांची जुनी सायकल. त्यांना ती मिरवायची नाही, भाजी आणायला हवी आहे.

हे पत्र जाणार कुठंच नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. तुझ्या सायकलीची चामड्याची सीट फाटली आहे, तिचं काही होणार नाही, असं मी त्याला सांगून नवी बसवून दिली. तिचं होण्यासारखं होतं. मी तिला तेल पाजलं, शिवली, आणि आता ती माझ्या सायकलीवर आहे. तुझ्या बसण्यानं तिला जो खोलगट आकार आलाय तो मला बराबर बसत नाही, डाव्या बाजूला टोचतो. कॉलेजला जाताना रोज टोचतो. बदलावी असं मनात येतं, पण बदलत नाही.