फोमचं दार परवडतं का

१२ ऑक्टोबर
ट्रकचं लॉगबुक देताना कंपनीतल्या माणसाने चुकून दोन दिली. दुसऱ्यात आपलं स्वतःचं लिहायचं ठरवलं आहे. नववीत शाळा सोडली त्यानंतर सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आता रोज लिहिणार. माणसाला शिस्त हवी.
आजचा विषय : गॅरेजचं दार. आर्डिसबाईंच्या गॅरेजवरची खोली मी भाड्याने घेतली आहे. खाली गॅरेज, दार नुसत्या पत्र्याचं. बाई म्हणाल्या, पोरा, जानेवारीत खालून अशी थंडी चढेल की जमिनीवर पाय ठेववणार नाही. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं दार मिळतं. बसवून घेऊ, अर्धे माझे अर्धे तुझे. एकूण दोन हजार दोनशे डॉलर.
मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार झालेला आहे. नको.

१३ ऑक्टोबर
लिहायला वेळ नाही.

२९ ऑक्टोबर
बायकोचा, ओडेटचा फोन. वीस डिसेंबरला बाळाला घेऊन येते आहे. दक्षिणेतल्या लुइझियानाहून इथे उत्तरेत, तीन दिवस आगगाडीत. राहण्यासारखं असलं तर राहीन म्हणाली, नसलं तर नाताळ झाला की परत. सासूबाईंनी तिकडे तिच्यासाठी कोळंबी सोलायच्या कारखान्यात काम बघून ठेवलंच आहे. बाई फार पुढचा विचार करतात.
ओडेटने विचारलं, खोली गरम आहे ना? मी म्हटलं, आहे. (होईल.)
बाळ जन्मलं तेव्हा पाच दिवस सुट्टी मिळाली होती, त्यानंतर पाहिलेलं नाही.

२ नोव्हेंबर
लाइल येऊन दार बघून गेला. आर्डिसबाईंचा चुलतभाऊ, चाळीस वर्षं दारंच बसवतो. इथली माणसं शब्द उसने आणल्यासारखे बोलतात. पत्र्यावर बोटाने टकटक केली, म्हणाला, हं. मग दहा मिनिटांनी म्हणाला, हे दार नाही, हा पडदा आहे.
मी माझा बेत सांगितला : दुकानातून फोमच्या लाद्या आणायच्या, आतून चिकटवायच्या, फटींना टेप. दोनशे डॉलरच्या आत काम. लाइल म्हणाला, होतं तसंही. पण दाराचं वजन वाढतं आणि दार वर उचलणारी स्प्रिंग जुन्या वजनाची आहे. स्प्रिंगला हात लावू नकोस, माझ्या भावाचा अंगठा त्या स्प्रिंगने नेला. मी म्हटलं, मी होडीवर वाढलो, स्प्रिंग मला नवीन नाही. लाइल म्हणाला, हं.
विकणारा माणूस महागच सांगणार. एवढं मला नववीतही कळत होतं.

९ नोव्हेंबर. उणे चार.
लाद्या चिकटवल्या. एकट्याने, एका दुपारात. लाइलने दोन दिवस लावले असते.

१० नोव्हेंबर
सकाळी सगळ्या लाद्या खाली पडलेल्या. थंडीत गोंद धरत नाही असं डब्यावर लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात.

१६ नोव्हेंबर
उपाय सापडला. लाद्यांवर प्लायवूड ठोकलं. आता दार भिंतीसारखं दिसतं. आर्डिसबाई खाली येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, वेगळं दिसतंय. ही इथली स्तुती.
दार उघडताना मोटर कण्हते. नवीन वजनाची सवय व्हायला वेळ लागणारच.

२४ नोव्हेंबर. उणे अकरा.
खोलीत अजून थंडी. भिंतीवरचा विजेचा हीटर लहान आहे, दोष त्याचा. नळाला तोंड लावलं तर ओठ चिकटतात की काय असं वाटतं. ओडेटला फोटो पाठवला, खिडकीचा, उन्हातला. म्हणाली, छान आहे, पण तू आत कोट घालून का उभा आहेस?

३० नोव्हेंबर
गॅसचा हीटर आणला. सिलिंडरवर चालतो, लाल जाळी पेटते, आवाज नाही. गॅरेजमध्ये ठेवला की उष्णता वर खोलीत येते. विज्ञान आहे. बरोबरच्या ड्रायव्हरने खोक्यावरचं वाचून दाखवलं : बंद जागेत वापरू नका. मी म्हटलं, गॅरेज ही बंद जागा नव्हे, त्याला दार आहे.

१ डिसेंबर. उणे सतरा.
रात्रभर सुरू ठेवला. खोली मस्त. पहिल्यांदाच मोज्यांशिवाय झोपलो.
सकाळी डोकं दुखलं. आर्डिसबाईंची कॉफी. इतकी पातळ की कपाचा तळ दिसतो, आमच्याकडे त्यात अंघोळ करतील.

४ डिसेंबर
पुन्हा डोकं. आज कॉफी प्यायलो नव्हतो. म्हणजे न प्यायल्यामुळे.

६ डिसेंबर
जिन्याजवळ भिंतीवर एक पांढरा डबा आहे. मी राहायला आलो तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, विषारी वायू झाला की हा ओरडतो, तो वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही, म्हणून डब्याला हात लावायचा नाही. आज संध्याकाळपासून डबा ओरडतोय. मी सगळीकडे फिरून बघितलं. काही दिसलं नाही, वासही नाही. डबा जुना झालाय.
सेल काढले आणि टॉर्चमध्ये घातले. टॉर्चला हवेच होते.

१० डिसेंबर. उणे बावीस.
ट्रक चालवताना दोनदा वाटलं की रस्ता आपल्याकडे येतोय. फोरमन म्हणाला, गालांवर एवढी लाली, थंडी तुला मानवलेली दिसते. आई ऐकून खूश झाली असती.

१४ डिसेंबर
सकाळी सहाला गॅरेजमध्ये बंदूक सुटल्यासारखा आवाज. स्प्रिंग तुटली. दार आता कोणाच्यानेही उचलत नाही, मी आणि फोरमन दोघांनी जोर लावला. बाईंची मोटार बाहेर होती हे नशीब.
आर्डिसबाई म्हणाल्या, लाइलला फोन करते. मी म्हटलं, नाताळनंतर. नीट विचार केला तर हा फायदाच आहे. जे दार उघडतच नाही त्यातून थंडी येणार कुठून? फोमच्या दाराने सुद्धा एवढं साधलं नसतं. खालची फटही आता ब्लँकेट कोंबून बंद केली. बरणीच्या झाकणासारखं घट्ट.
बाई म्हणाल्या, तुझा चेहरा बरा नाही, रॉलिन. मी म्हटलं, उजेड कमी आहे.

१७ डिसेंबर. उणे सव्वीस.
जिन्यावर बसलो आणि उठायचं विसरलो. किती वेळ गेला माहीत नाही. काम जास्त आहे.
पाळणा जोडला. एक स्क्रू जास्त उरला.

२० डिसेंबर, दुपारी तीन
आले. गाडी चार तास उशिरा. ओडेटने माझा कोट, तिचा कोट आणि दोन ब्लँकेटं गुंडाळली होती, आतून फक्त बाळाचं नाक दिसत होतं. खोलीत आल्यावर म्हणाली, अरे, खरंच गरम आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. तिचेच शब्द.
हीटर पूर्ण वर केला आहे. पहिला दिवस आहे, काटकसर नको.

संध्याकाळी पाच
ओडेटला डोकं दुखतंय, प्रवासाने. मळमळतंयही. बाळ मात्र इतकं गुणी. गाडीत तीन दिवस रडलं म्हणे, इथे आल्यापासून हूं नाही की चूं नाही. दुधालाही उठलं नाही. उचललं तर हात कापडासारखे लोंबतात, एवढी गाढ झोप. ओडेट म्हणाली, रॉलिन, हा असा कधी झोपत नाही. मी म्हटलं, ऊब मिळाली नव्हती म्हणून.
लिहिताना ओळी हलतात. जिन्यात पावलं. आर्डिसबाई, बहुतेक जेवण घेऊन.

२२ डिसेंबर, इस्पितळ
तोंडावर मास्क आहे, म्हणून थोडक्यात.
आर्डिसबाईंनी जेवणाचं भांडं जिन्यावरच सोडलं. बाळाकडे एकदा पाहिलं, पांढऱ्या डब्याकडे एकदा, आणि बाळाला स्वेटरच्या आत घालून उणे तिसात चालत बाहेर. बोलल्या एकच. मागे वळून ओडेटला म्हणाल्या, चल, कोट राहू दे. ओडेट बर्फात गुडघ्यांवर बसून ओकली. मला त्यांनी नंतर बाहेर नेलं.
बाळ शुद्धीवर आहे. काल सकाळी रडलं. इतक्या जोरात की नर्स हसली.
डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास आणि तिघेही. डॉक्टर लोक वाढवून सांगतात.
लाइल येऊन पायाशी उभा राहिला. म्हटलं आता बोलेल. म्हणाला, सेल कुठे आहेत? मी टॉर्चचं सांगितलं. तो टोपी घालून निघून गेला.

२४ डिसेंबर
आर्डिसबाईंनी सगळे पैसे स्वतः घालून दार मागवलं. लाइलने सकाळी जुनं कापून काढलं, दुपारच्या जेवणाआधी नवीन लावून झालं. माझं प्लायवूड त्याने कुंपणाला टेकवून ठेवलं. चांगलं प्लायवूड आहे.
ओडेट आणि बाळ आर्डिसबाईंच्या घरात, खालच्या खोलीत. मी जेवायला तिकडे जातो. बाळाला घ्यायला हात पुढे केले. ओडेट म्हणाली, तुझ्यावर राग नाही रे, पण त्याला तुझ्याकडे देताना माझे हातच सुटत नाहीत. आर्डिसबाईंनी मला बटाटे वाढले. मग आणखी वाढले.

२६ डिसेंबर
परतीची गाडी वेळेवर होती. बाळाने काचेला तोंड लावलं होतं. एप्रिलमध्ये बघू म्हणाली ओडेट. एप्रिल म्हणजे कुठल्याही वर्षाच्या एप्रिलबद्दल बोलल्यासारखं.

२७ डिसेंबर. बाहेर उणे एकतीस.
नवीन दार कालपासून नीट बघतो आहे. खोलीत गॅसचा हीटर नाही, भिंतीवरचा तो लहानसा हीटर अर्ध्यावर, आणि मी बनियनवर बसलो आहे. जमिनीला हात लावून बघितला. कोमट. पाळणा कोपऱ्यात आहे, तोही कोमट.
आर्डिसबाईंनी विचारलं, मग, तुझं काय मत, दार परवडलं का? प्रामाणिक उत्तर द्यायचं म्हणून दिवसभर विचार केला. एका माणसासाठी एवढा खर्च परवडत नाही. हे मी ऑक्टोबरपासून सांगत आलोय.