शेवंतीची गाठ आणि गावभरची औषधं

६ फेब्रु., गुरु.
शेवंतीला धुताना शेपूट उचलली आणि हाताला गाठ लागली. काळी, गुळगुळीत, जांभळाएवढी. बाजूला आणखी दोन बारीक, मिरीच्या दाण्यासारख्या. दाबून पाहिलं. शेवंती हलली नाही, म्हणजे दुखत नसावं. 

हे गेल्यापासून तिचं धुणं-पुसणं माझ्याकडे. आमचा गडी पांडू वरातीत लगाम धरतो, बाजा वाजला की नाचवतो, पण शेपटीखाली बघायचं म्हटलं की त्याला कंटाळा. आज बोलावून दाखवलं तर म्हणतो, "वहिनी, ही तर कधीपासूनची दिसते." मग इतके दिवस काय बघत होतास, विचारलं. बादली उचलून गेला.

सोनिवलीत पांढरी घोडी आता हीच एक. भिंतीपलीकडच्या सात मजली बिल्डिंगमधल्या बाया वास येतो म्हणून तक्रार करतात आणि कुंड्यांना लीद मागायलाही त्याच येतात. आज एकीला दिली नाही. मूड नव्हता.

८ फेब्रु.
गाठ एक आणि वैद्य पन्नास. शेजारच्या वत्सलाकाकू: "हलद न चुना लाव. माझे ढोपराला लावलाव, दोन दिसान उतरला." पांडू म्हणतो बिब्बा घाला, मुळासकट जळते. उल्हासनगरच्या मंडपवाल्या भाभीने साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांची बाटली पाठवली, तिच्या मानेवरचा मस त्यांनी गेला म्हणे. शे.ला गोळ्या फार आवडल्या. बाटली दिसली की ओठ पुढे करते.

नरेशभाऊजींचं औषध सगळ्यांत सोपं. "वयनी, घोरी इकून टाक. म्हातारी झाली, आता गाठ पन आली. कोन बसल तिच्यावं?"
म्हटलं, तुमचेही केस पिकले भाऊजी, तुम्हाला काढलं का कोणी विकायला?
हसले नाहीत.

हळद-चुना सुरू केला. निदान घरचा आहे.

१५ फेब्रु., शनि.
लिहायला हात होत नाही, पण लिहितेच.

उल्हासनगरला लग्न होतं. सकाळी नेहमीसारखा लेप लावला, वाळला असं वाटलं. वर जरीची झालर बांधली. मी वरातीत कधी पुढे जात नाही, टेम्पोजवळ थांबते. विधवेने नवरदेवाच्या घोडीजवळ दिसू नये, हे मला कोणी तोंडावर सांगितलेलं नाही. सांगावं लागत नाही.

नवरदेवाच्या बहिणी भिजवलेली चण्याची डाळ भरवत होत्या. शे. छान खात होती. ऊन, बँड, त्यात झालरीची ऊब. घामाने लेप ओघळला. हळद आणि चुना एकत्र झाले की लाल होतात हे शेंबडं पोरही सांगेल, पण ओघळला तर रक्तासारखा दिसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. पांढरी शेपूट लालभडक. तिने ती एकदा जोरात फिरवली आणि शिंतोडे थेट नवरदेवाच्या मामीच्या साडीवर.
"अरे साईं, खून! घोड़ी को खून आ रहा है!"
बँड थांबला. मी धावत गेले. हळद आहे हो, हळद, औषध आहे, म्हणून ओरडले. त्यावर कोणीतरी झालर उचलली आणि गाठ सगळ्या वरातीने पाहिली. नवरदेव गाडीतून गेला.

परत येताना पांडू टेम्पोत ओल्या फडक्याने शेपूट पुसत बसला. शे. उरलेली डाळ चघळत होती. तिला काय, तिची पार्टी झाली.

१७ फेब्रु.
बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. भाऊजी आले, बसले नाहीत, उभ्याउभ्याच बोलले. घोडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, तबेल्याची जागा भाऊजींच्या नावावर. सगळं खरं आहे.

"मना काय तुझ्याशी वैर नाय वयनी. अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतंय. तवर येक लगीन जरी मारलं घोरीनं, मी तोंड उघरनार नाय. नाय तर येपारी बोलावतंय."
व्यापारी तिला कुठे नेणार?
"ते आपुन कशाला इचारायचं."

आपण नाही विचारायचं. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या, गाठ आलेल्या घोडीला कोण कशासाठी घेतो ते.

मी विचारणार. जन्मभर विचारत राहीन. आणि देणार नाही.

२१ फेब्रु.
जनावरांच्या डॉ. बाई आल्या. स्कूटरवरून, हेल्मेट काढलं तर कॉलेजातली पोरगी वाटावी. पण शेपूट उचलून सगळीकडे नीट दाबून बघितलं, कानामागे, जबड्याखाली, घाई केली नाही. म्हणाल्या, "मावशी, पांढऱ्या घोड्यांना उतारवयात ही काळी गाठ होतेच. कॅन्सरच्याच जातीची आहे, पण बहुतेक वेळा सावकाश वाढते. वर्षानुवर्षं तशीच राहिलेली मी पाहिलीय. कधी मात्र पसरते."
कापून टाका, म्हटलं.
"बारकी असती तर बघितलं असतं. मोठी आहे ती अवघड जागी आहे. इथे तबेल्यात नाही होणार."
औषध?
"खात्रीचं नाही."

मला राग आला. एवढं शिकून नाही म्हणायला येता? आमच्याकडे नुसत्या दहावी पास माणसाकडेही चार औषधं असतात. हे मी तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकेक विचारलं. चुना? नको, कातडी सोलते. बिब्बा, रुईचा चीक? "हातसुद्धा लावू नका. जखम होईल, चिघळेल आणि गाठ आहे तिथेच राहील." गोड गोळ्या? हसल्या. "द्या. साखर आहे, थोड्या द्या." कडुलिंबाचं पाणी? "धुवायला चांगलं. माशा कमी बसतील. पण त्याने गाठ जाईल असं समजू नका."

लीद नीट पडते ना, लघवी होते ना, खाते ना, यावर लक्ष ठेवा म्हणाल्या. वरातीला गेली तर चालेल? "तिला काही त्रास नाही. त्रास लोकांना आहे."

बाई गेल्यावर वाटलं, मी उगाच बोलले. पण राग गेला नव्हता. राग गाठीवर होता, आणि गाठीला ऐकू येत नाही.

३ मार्च
काकूंनी बारवी धरणाकडचा एक जडीबुटीवाला आणला. पिशवीभर मुळ्या. शे.भोवती फिरला, नाकाला फडकं लावून मंत्र पुटपुटला. गाठ पंधरवड्यात गळून पडेल म्हणाला.
मी: आजवर किती घोड्यांच्या पाडल्यात?
तो: घोडा नाय, म्हशीच्या पाडल्यात.
मी: म्हशीला पण हीच व्हायची?
तो: म्हशीला कसली झालती ते कोन बघतो बाई. पडली.

चहा पाजून वाटेला लावला. काकू फुगल्या. जाता जाता बोलून गेल्या, "हात लागतो ना तुझा, त्याचाच हाय ह्यो परकार. घरधनी गेल्यावं लग्नाच्या जनावराला हात लावाचा नसतो."

तीस वर्षं शेजारी राहतो. माझ्या बाळंतपणात यांनी मला तेल लावलंय.  आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

११ मार्च, मंगळ.
अंबरनाथला बहिणीकडे गेले होते, दुपारी आले. तबेल्यात जळकट वास. पांडू कोपऱ्यात बसलेला, समोर दिवा, सुईला टोचलेला बिब्बा. शे. मागचे पाय आपटत होती, अंगाला कंप. शेपटीखाली सगळं फोडांनी भरलेलं. बिब्ब्याचं तेल ओघळून मांडीपर्यंत उतरलेलं.

मी किंचाळले. काय बोलले ते लिहीत नाही. तो रडायला लागला. "वहिनी, तृतीयेच्या आत बरी झाली असती. दादांची घोडी आहे हो." भाऊजींनी सांगितलं होतं का, विचारलं. नाही म्हणाला. त्याचं त्यानेच केलं. आमच्याकडे पायाला भेग पडली तरी बिब्बा, काटा मोडला तरी बिब्बा. त्याच्या आईने केलं, आजीने केलं.

जा म्हटलं. गेला.

पाणी ओतत बसले कितीतरी वेळ. शे.ने मला एकदाही लाथ मारली नाही. मारायला पाहिजे होती कोणाला तरी.

१३ मार्च
होळी. गावात ढोल, गाणी. मी तबेल्यात. डॉ. बाई सणाच्या दिवशी येऊन ड्रेसिंग करून गेल्या. ओरडल्या मला. ओरडू देत. पुरणपोळी दिली, स्कूटरच्या डिकीत घातली त्यांनी.

१९ मार्च
माशा. दिवसभर माशा. बाईंनी दिलेलं मलम, कडुलिंबाचं पाणी, जुन्या मच्छरदाणीचा पडदा शिवून मागे बांधला. बिल्डिंगमधल्या एका बाईने स्वतःहून टेबलफॅन आणून दिला. म्हणाली, आमच्या पोरांना रोज गॅलरीतून घोडी दिसते, सवय झालीय. त्या दिवशी जिला लीद दिली नव्हती तीच ही. आज दोन पाट्या दिल्या.

४ एप्रिल, शुक्र.
खपली पडली. खालून गुलाबी कातडी आली आहे. गाठ जशीच्या तशी. चुना नाही, बिब्बा नाही, मंत्र नाही, गोड गोळ्या नाहीत, कशानेही तसूभर हलली नाही. मोठीही झाली नाही. बसली आहे आपल्या जागेवर.

बरं. तीही राहील, शे.ही राहील. मीसुद्धा कुठे जाणार नाही. ज्याला बघवत नाही त्याने दुसरीकडे बघावं.

कडुलिंबाचं पाणी चालू ठेवलंय. औषध म्हणून नाही. अंघोळ म्हणून.

१० एप्रिल
लग्नं परत सुरू होतील आता. दोन फोन आले. दोघांनी शेवटी विचारलं, ती उल्हासनगरची घोडी तुमचीच का? हो म्हटलं. बघून कळवतो म्हणाले.

लगाम धरायला माणूस नाही. पांडूला निरोप धाडला, माझं चुकलं, ये. तो नेरळला दुसऱ्याकडे लागलाय. तिसऱ्या कोणाला विचारलं तर गाठीचं निमित्त, चौथ्याला माझ्या विधवापणाचं.

१६ एप्रिल
आज सकाळी मीच लगाम धरून बाहेर काढली. पदर खोचला, ह्यांचे बूट घातले, पुढे कापूस कोंबून. सोनिवलीच्या रस्त्यावर मोबाइलवर वरातीचा बेंजो लावला आणि शे. अशी काही नाचली की मीच फरफटत गेले. बिल्डिंगच्या वॉचमनने टाळ्या वाजवल्या. काकू दारात उभ्या होत्या. 

भाऊजी मोटरसायकलवरून समोर आले, थांबले. "वयनी, लोका काय बोलतील?"
म्हटलं, लोकं बोलून झालीत भाऊजी, आता घोडीला चालू द्या.

हे असते तर काय म्हणाले असते? ओरडले असते. बाईमाणसाने रस्त्यावर घोडी नाचवायची नाही म्हणाले असते. त्यांना देव करून ठेवायचं काही कारण नाही. पण ती नाचताना बघून हसले असते हेही खरं.

२४ एप्रिल
रोज फेरी. आता मी फरफटत नाही. शे. माझ्या चालीने चालते, किंवा मी तिच्या. हाताला घट्टे. पोरं मागे येतात. फोन मात्र नाही.

भाऊजींच्या अंगणात आज एक अनोळखी माणूस बसलेला. मी गेल्यावर विषय बदलला. त्याने माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून तबेल्याकडे बघितलं.

२९ एप्रिल, मंगळ.
उद्या तृतीया.

दुपारी कात्रपहून फोन. बाईमाणूस, नवरदेवाची आई. उद्या संध्याकाळची वरात, ठरलेला घोडीवाला ऐनवेळी फिरला. "येता का? पांढरीच हवी हो, पोराचा हट्ट आहे."
येते म्हणायला अर्धा सेकंद पुरे होता. झालर बांधली असती, पांडूसारखा कोणी अर्ध्या दिवसापुरता सापडला असता, मी टेम्पोजवळ थांबले असते. तोंड उघडलं ते तेच म्हणायला.

आणि म्हणाले भलतंच. म्हणाले, ताई, आधी ऐका. घोडीला शेपटीखाली गाठ आहे. लागण होणारी नाही, तिला दुखत नाही, डॉक्टरला विचारायचं तर नंबर देते. झाकून आणणार नाही. दुसरं, लगाम मी धरणार. माझे मालक वारलेत. ह्यातलं काही चालणार नसेल तर आत्ताच सांगा.

पलीकडून त्या म्हणाल्या, "थांबा. घरात विचारून सांगते."

भाऊजी संध्याकाळी येऊन गेले. काकूंकडून कळलं होतं त्यांना सगळं. खाटेवर बसले, पहिल्यांदाच बसले. "सांगाचा कशाला होता वयनी? लगीन पदरात पडला होता. घोरी वाचली असती."
म्हटलं, लपवून वाचवली असती तर पुढच्या लग्नाला पुन्हा लपवावं लागलं असतं. तिला आणि मला, दोघींना.
 उठून तबेल्यात गेले, तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. व्यापारी सकाळी येणार का, विचारलं. तिची आयाळ सारखी केली आणि चालू लागले.

खोगीर पुसून झालं. गोंडे धुऊन वाळत घातलेत. शे. गवत खाते आहे, लीद नीट पडली. कात्रपचा फोन अजून नाही.

आला तर ठीक. नाही आला तरी उद्या संध्याकाळी मी तिला सजवून कात्रपच्या रस्त्याने नेणार आहे, भर गर्दीतून, बेंजो लावून. पाठीवर नवरदेव असो वा नसो.